पूर्णपाठ शोधातील विरामचिन्हे आणि मराठी शब्द : ‘मोलगी’ या ग्रामनामाच्या अनुषंगाने

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या रांगांमध्ये मोलगी हे गाव आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून या गावाचा पत्ता ‘मु. पो. मोलगी, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार’ असा लिहिला जातो. कागदावर हा पत्ता वाचताना कोणासही अडचण पडत नाही. हाच पत्ता जसाच्या तसा एखाद्या डेटाबेसच्या शोधपेटीत टंकित केला, तर मात्र त्यातील पूर्णविराम व स्वल्पविराम यांमुळे काही प्रणाली शोध घेण्याचेच नाकारतात. पत्ता सोडून केवळ ‘मोलगी’ हा शब्द दिला, तर त्याच प्रणालींपैकी एक प्रणाली मोलगीच्या नोंदींबरोबर ‘मुलगी’, ‘मुलगा’ आणि ‘मी लगेच’ हे शब्द असलेल्या नोंदीही पुढे मांडते. यांपैकी पहिल्या प्रकारात प्रणाली उघडपणे नकार देते. दुसऱ्या प्रकारात ती काही चुकल्याचे दर्शवीतही नाही. हे दोन्ही प्रकार का घडतात आणि ते कसे टाळावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. पूर्णपाठ शोध म्हणजे काय

ग्रंथाच्या अखेरीस जशी शब्दसूची असते, तशीच सूची पूर्णपाठ शोधाची प्रणाली आपल्याजवळच्या सर्व मजकुराची तयार करते. कोणता शब्द कोणत्या नोंदीत व त्या नोंदीतील कितव्या स्थानी आला आहे, हे या सूचीत लिहिलेले असते. शोध घेताना मूळ मजकूर पुन्हा चाळला जात नाही. सूची पाहिली जाते. म्हणून लक्षावधी नोंदींतूनही उत्तर क्षणार्धात मिळते.

ही सूची तयार करण्यापूर्वी मजकुराचे शब्दांत विभाजन करावे लागते. हे काम करणाऱ्या घटकास टोकनायझर म्हणतात. येथे त्याला शब्दविच्छेदक म्हटले आहे. शोधणाऱ्याने दिलेली पृच्छाही अशाच विच्छेदनातून जाते. मजकूर व पृच्छा या दोहोंचे विच्छेदन एकाच नियमाने झाले, तरच दोहोंची गाठ पडते.

मराठी लेखनात विरामचिन्हांची आजची व्यवस्था तशी अलीकडची आहे. पोथ्यांमध्ये दंड असे; मोडी लिखाणात तर शब्दाशब्दांमध्ये अंतर ठेवण्याचाही प्रघात नव्हता. एकोणिसाव्या शतकात छापील मराठी गद्याबरोबर स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम इत्यादी चिन्हे रूढ झाली आणि त्यांचे नियम सांगणारी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका मेजर टॉमस कँडी यांनी लिहिली. वाचकाने कोठे थांबावे व वाक्याचा अन्वय कसा लावावा, एवढेच सांगणे हे या चिन्हांचे मूळ कार्य होय. संगणकाच्या पृच्छाभाषेने यांतीलच कित्येक चिन्हे उचलून त्यांना आज्ञेचा अर्थ दिला. लिहिणारा चिन्ह लिहितो विरामाच्या अर्थाने, आणि यंत्र ते वाचते आज्ञेच्या अर्थाने. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ येथे आहे.

२. चिन्हाला भेटणारे तीन वाचक

शोधपेटीत टंकित केलेले चिन्ह उत्तरापर्यंत पोहोचण्यापूर्वी तीन निरनिराळ्या वाचकांच्या हातून जाते. पहिला वाचक म्हणजे डेटाबेसची सामान्य भाषा, एसक्यूएल. दुसरा वाचक म्हणजे तिच्या पोटातील पूर्णपाठ शोधाची स्वतंत्र पृच्छाभाषा. तिसरा वाचक म्हणजे शब्दविच्छेदक. प्रत्येकाचे व्याकरण निराळे आहे. एका वाचकासाठी केलेली सावधगिरी दुसऱ्यापुढे उपयोगी पडत नाही, आणि व्यवहारात होणाऱ्या बहुतेक चुका या तीन वाचकांना एकच समजल्यामुळे होतात.

३. पहिला वाचक : एसक्यूएल

एसक्यूएलमध्ये मजकुराच्या दोन्ही टोकांस एकेरी अवतरणचिन्ह असते. वसईकडील ‘डि'सोझा’ किंवा ‘डि'मेलो’ यांसारखे आडनाव एकेरी चिन्हासह लिहिले आणि कार्यक्रमाने ते आज्ञेच्या वाक्यात तसेच जोडून टाकले, तर ‘डि’ या अक्षरानंतर मजकूर संपला असे यंत्र समजते आणि ‘सोझा’ हा आज्ञेचा भाग म्हणून वाचू लागते. निरुपद्रवी आडनावाने वाक्य मोडते. हेतुपुरस्सर रचलेल्या मजकुराने संपूर्ण सारणी पुसून टाकता येते अथवा इतरांची माहिती काढून घेता येते. या दुसऱ्या प्रकारास एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

यावरील उपाय सर्वज्ञात आहे. आज्ञेचे वाक्य आधी पक्के करावे, त्यात शब्दाच्या जागी रिकामे स्थान ठेवावे आणि शोधणाऱ्याचा मजकूर त्या स्थानी प्राचल म्हणून स्वतंत्रपणे पाठवावा. अशा रीतीने पाठविलेला मजकूर एसक्यूएल कधीही आज्ञा म्हणून वाचीत नाही. अवतरणचिन्ह दुप्पट करण्याची जुनी पद्धत ज्ञात असली तरी ती हाताने वापरू नये. एका ठिकाणीही ती विसरली गेली तर सर्व बंदोबस्त व्यर्थ होतो.

येथवर बहुतेक पाठ्यपुस्तके येतात आणि थांबतात. प्राचल वापरले म्हणजे सर्व चिन्हे निर्धोक झाली, असा समज त्यामुळे दृढ होतो. तो समज चुकीचा आहे.

४. दुसरा वाचक : पृच्छाभाषा

प्राचल म्हणून सुरक्षितपणे आत आलेला मजकूर आता पूर्णपाठ शोधाच्या पृच्छाभाषेच्या हाती पडतो. या भाषेत ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’, ‘लगत’ असे अर्थ चिन्हांनी दर्शविलेले असतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘टू टीएसक्वेरी’ या फलनाला & , | , ! , कंस व अपूर्णविराम ही चिन्हे आज्ञा वाटतात. दोन शब्दांमध्ये कोणतेच आज्ञाचिन्ह नसेल तर ते व्याकरणदोष दाखवून थांबते. मायएसक्यूएलच्या बूलियन पद्धतीत + , - , > , < , ~ , * , कंस व दुहेरी अवतरण यांना विशेष अर्थ आहे. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या विभागात अक्षरे, अंक व अधोरेखा यांखेरीज असलेले कोणतेही साधे इंग्रजी कळफलकावरील चिन्ह अवतरणाबाहेर आले, तर त्यास एक तर आज्ञेचा अर्थ असतो किंवा तो व्याकरणदोष ठरतो. मोलगीच्या पत्त्यातील पूर्णविरामावर ही प्रणाली अडते ती याच कारणाने. प्राचल म्हणून नीट पाठविलेला ‘डि'सोझा’ देखील येथे व्याकरणदोषच ठरतो, कारण त्याला अडविणारा हा वाचक दुसरा आहे.

मराठीच्या दृष्टीने अपूर्णविरामाचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘निःशुल्क’ या शब्दांत विसर्ग आहे. विसर्ग हे देवनागरीतील स्वतंत्र वर्णचिन्ह असून युनिकोडमध्ये त्याला स्वतःचे स्थान आहे. तथापि कळफलकावर विसर्ग सहज न सापडल्याने असंख्य टंकलेखक त्याच्या जागी अपूर्णविराम देतात आणि ‘दु:ख’ असे लिहितात. डोळ्यांना दोहोंत फरक दिसत नाही. परंतु पोस्टग्रेएसक्यूएलच्या ‘टू टीएसक्वेरी’ला अपूर्णविरामानंतर शब्दाचा भारांक दर्शविणारे अक्षर अथवा तारांकन अपेक्षित असते, तेथे ‘ख’ आल्याने ते फलन व्याकरणदोष दाखविते. एफटीएस५ला अपूर्णविरामापूर्वीचा शब्द हे सारणीतील स्तंभाचे नाव वाटते, आणि ‘दु’ नावाचा स्तंभ अस्तित्वात नाही, असे उत्तर ती देते. एकाच चिन्हाचे दोन प्रणालींत दोन निराळे अर्थ होतात, आणि लिहिणाऱ्याच्या मनातील विसर्गाशी त्यांपैकी एकाचाही संबंध नसतो.

येथे निदान दोष उघड होतो. संयोगचिन्हाच्या बाबतीत तोही होत नाही. ‘मोलगी-धडगाव रस्ता’ असे लिहिण्याऐवजी अनेकदा घाईने ‘मोलगी -धडगाव रस्ता’ असे, चिन्हाच्या आधी जागा सोडून, लिहिले जाते. मायएसक्यूएलच्या बूलियन पद्धतीत आणि पोस्टग्रेएसक्यूएलच्या ‘वेबसर्च टू टीएसक्वेरी’ या फलनात शब्दाच्या आरंभी लागून आलेल्या या चिन्हाचा अर्थ ‘हा शब्द वगळून’ असा आहे. परिणामी ज्या नोंदीत धडगावचा उल्लेख आहे, नेमक्या त्याच नोंदी उत्तरातून बाहेर पडतात. पृच्छा व्याकरणदृष्ट्या निर्दोष, उत्तर तत्काळ, आणि अर्थ नेमका उलटा. उघड दोषापेक्षा असा मूक दोष अधिक घातक असतो, कारण त्याची शंका येण्यास कारणच नसते.

अवतरणचिन्हांचाही असाच एक प्रकार आहे. साधी सरळ दुहेरी अवतरणे हे अखंड पदसमूहाचे आज्ञाचिन्ह होय. भ्रमणध्वनीच्या कळफलकावरून किंवा लेखनप्रणालीतून पुष्कळदा वक्र अवतरणे येतात. एफटीएस५च्या पृच्छाभाषेला वक्र अवतरण हे साधे अक्षर वाटते. त्यामुळे “वनहक्क समिती” असे वक्र अवतरणांत लिहिले तर दोन्ही शब्द असलेल्या नोंदी मिळतात, परंतु ते लगत असलेच पाहिजेत अशी अट लागू होत नाही.

या दुसऱ्या वाचकापुढे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग प्रणालीनेच दिलेल्या सौम्य फलनांचा. पोस्टग्रेएसक्यूएलमधील ‘प्लेन टू टीएसक्वेरी’ व ‘फ्रेज टू टीएसक्वेरी’ ही फलने कोणतेही चिन्ह आज्ञा म्हणून वाचीत नाहीत. पहिले सर्व शब्द असलेल्या नोंदी देते, दुसरे ते शब्द त्याच क्रमाने आलेल्या. अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, उपलब्ध असलेले ‘वेबसर्च टू टीएसक्वेरी’ हे फलन कोणत्याही मजकुरावर व्याकरणदोष दाखवीत नाही; परंतु वर सांगितलेला ‘वगळून’ हा अर्थ त्यात शिल्लक राहतो, हे विसरता कामा नये. दुसरा मार्ग एफटीएस५सारख्या प्रणालींसाठी आहे. पृच्छा जेथे जेथे मोकळी जागा आहे तेथे तोडावी, प्रत्येक तुकडा सरळ दुहेरी अवतरणांत घालावा आणि तुकड्याच्या आत तेच अवतरण आले असेल तर ते दुप्पट करावे. असे केले म्हणजे ‘मु.’, ‘१२/२’, ‘दु:ख’ हे सर्व तुकडे मजकूर म्हणूनच वाचले जातात. ‘किंवा’, ‘वगळून’ इत्यादी सोयी द्यावयाच्या असतील तर त्या शोधपेटीपासून निराळ्या ठेवाव्यात, म्हणजे आज्ञा देणारा ती जाणूनबुजून देईल.

५. तिसरा वाचक : शब्दविच्छेदक

आता मूळ प्रश्न. ‘मोलगी’ शोधल्यावर ‘मुलगी’ का मिळावी?

एफटीएस५चा नेहमीचा शब्दविच्छेदक ‘युनिकोड६१’ या नावाचा आहे. युनिकोडने प्रत्येक चिन्हास एक वर्ग दिलेला आहे. या शब्दविच्छेदकाच्या मूळ मांडणीत अक्षरे, अंक व खाजगी वापराची चिन्हे या तीन वर्गांनाच शब्दाचे घटक मानले असून, बाकी सर्व चिन्हे दोन शब्दांना अलग करणारी मानली आहेत. इंग्रजीला हा नियम पुरतो. देवनागरीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग व हलन्त ही चिन्हे युनिकोडच्या दृष्टीने अक्षरे नाहीत. ती ‘जोडचिन्हे’ या निराळ्या वर्गात आहेत. म्हणून हा शब्दविच्छेदक त्यांना स्वल्पविरामाच्या पंक्तीला बसवितो.

परिणाम असा होतो :

मोलगी : म, लग
मुलगी : म, लग
मुलगा : म, लग
मी लगेच : म, लग, च

सूचीत हे सर्व एकच होऊन बसतात. ‘मोलगी’ ही पृच्छा ‘म’ व त्याच्या लगत ‘लग’ अशी वाचली जाते, आणि वरील चारही ठिकाणी ती जुळते. होळीसाठी प्रसिद्ध असलेले याच परिसरातील काठी हे गाव शोधले तर ‘कोठी’ व ‘कोठे’ हे शब्द मिळतात, कारण तिघांचेही ‘क, ठ’ होते. या भागात सर्वत्र आढळणारे ‘पाडवी’ हे आडनाव ‘पाडवा’ या सणापासून वेगळे राहत नाही. ‘दुःख’ शोधणाऱ्यास ‘देखावा’ही सापडतो.

उत्तरे अधिक आली तर बिघडले कोठे, असे कोणी म्हणेल. परंतु शोधपानावर सामान्यतः पहिली दहा-वीस उत्तरेच पाहिली जातात. ‘मुलगा’ व ‘मुलगी’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक कुटुंबनोंदीत येणारच. त्यांच्या गर्दीत मोलगीची खरी नोंद तळाशी जाते आणि व्यवहारतः न मिळाल्यासारखीच होते.

उपाय सोपा आहे. याच शब्दविच्छेदकाला कोणते वर्ग शब्दाचे घटक मानावेत हे सारणी निर्माण करताना सांगता येते. तेथे जोडचिन्हांचे दोन्ही वर्ग, म्हणजे जागा व्यापणारी व न व्यापणारी, समाविष्ट करावेत. तसे केल्यावर मोलगी, मुलगी, काठी व कोठे हे सर्व शब्द अखंड व वेगवेगळे राहतात. मात्र आधी तयार झालेली सूची आपोआप सुधारत नाही. नवी सारणी करून सर्व मजकुराची सूची पुन्हा बांधावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या विच्छेदकात ही जोडचिन्हे शब्द तोडीत नाहीत अशी तरतूद मुळातच केलेली आहे. म्हणून ‘मोलगी’ तेथे अखंड राहते.

त्याचा अर्थ पोस्टग्रेएसक्यूएल सर्वस्वी निर्वेध आहे असा नव्हे. इंग्रजी अंकांत १ जुलै १९९८ हा दिनांक संयोगचिन्हांनी, म्हणजे ०१-०७-१९९८ या धर्तीवर लिहिला, तर तेथील विच्छेदक संयोगचिन्हास ऋणचिन्ह समजतो आणि ‘०१’, ‘ऋण ०७’ व ‘ऋण १९९८’ असे तीन घटक करतो. मग केवळ १९९८ हे वर्ष शोधणाऱ्यास ती नोंद मिळत नाही. दिनांक हा दिनांकाच्या स्वतंत्र स्तंभातच ठेवावा आणि मजकुरातील दिनांकांचे रूप सूचीपूर्वी पालटून घ्यावे, हाच त्यावरील मार्ग. देवनागरी व इंग्रजी अंकांना युनिकोडमध्ये निराळी स्थाने असल्याने त्यांपैकी एकच रूप सूचीसाठी स्वीकारणेही अगत्याचे आहे.

६. सरसकट पुसण्याचा चुकीचा उपाय

अडचण चिन्हांची आहे, तर अक्षर व अंक यांखेरीज सर्व चिन्हे पुसून टाकावीत, असा उपाय सहज सुचतो आणि सर्रास वापरलाही जातो. इंग्रजीसाठी लिहिलेला असा नियम देवनागरीवर चालविला, तर काना-मात्रा सर्वच पुसल्या जातात आणि ‘मोलगी’चे ‘मलग’ होते. हा दोष लगेच ध्यानात येतो. त्याहून सूक्ष्म दोष न दिसणाऱ्या चिन्हाचा आहे.

मराठीतील ‘दऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी टंकित होतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर व त्यापुढे हलन्त असते. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे एक जोडणारे चिन्ह असते. पडद्यावर दोहोंचे रूप एकच. हे न दिसणारे चिन्ह निरुपयोगी समजून पुसले, तर शिल्लक राहतो तो ‘दर्या’. सातपुड्याच्या दऱ्यांचा असा समुद्र होतो. ते न पुसता तसेच ठेवले आणि विच्छेदकाने त्यास विभाजक मानले, तर शब्द ‘दर्’ व ‘या’ असा तुटतो. युनिकोडची प्रमाणीकरणाची ठराविक रीत ही दोन रूपे एक करीत नाही. म्हणून दुसऱ्या रूपाचे पहिल्या रूपात परिवर्तन करण्याचा स्वतंत्र नियम मराठीसाठी लिहावाच लागतो.

विसर्गाच्या बाबतीतही सरसकट नियम फसतो. दोन देवनागरी अक्षरांमधील अपूर्णविराम म्हणजे विसर्ग, असे ठरविले तर ‘दु:ख’ सुधारते. पण ‘नाव:’ यापुढे जागा न सोडता नाव लिहिलेल्या अर्जातील दोन शब्द विसर्गाने जोडले जातात आणि त्या व्यक्तीचे नाव सूचीतून नाहीसे होते. विसर्ग असलेल्या मराठी शब्दांची संख्या मर्यादित आहे. त्यांची यादी करून तेवढ्यांपुरतेच हे परिवर्तन करणे अधिक निर्धोक होय.

जुन्या लेखनाचा प्रश्नही याच जातीचा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली आणि व्युत्पत्तीने येणारे, उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत ‘गांव’ व ‘नांव’ अशी रूपे असतात. विच्छेदक सुधारल्यानंतर अनुस्वार शब्दाचा घटक होतो आणि ‘गाव’ शोधणाऱ्यास ‘गांव’ मिळेनासा होतो. अनुस्वार पुसून टाकणे हा उपाय नव्हे, कारण ‘अंत’ व ‘अत’ वेगळे आहेत. अशा रूपांसाठी पर्यायी शब्दांची जोडयादीच हवी.

७. कार्यक्रम

वरील विवेचनावरून कामाचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम मजकूर व पृच्छा या दोहोंवर एकच परिवर्तन चालवावे : ऱ ची रूपे, अंक, अवतरणे आणि यादीतील विसर्ग. हे परिवर्तन एकाच फलनात असावे. मजकुरासाठी एक व पृच्छेसाठी दुसरे असे दोन प्रतिरूप ठेवले की कालांतराने त्यांत अंतर पडते. त्यानंतर पृच्छेचे तुकडे करून प्रत्येकाला अवतरणांत घालावे अथवा सौम्य फलनाकडे द्यावे. तयार झालेली पृच्छा एसक्यूएलकडे प्राचल म्हणूनच पाठवावी. मूळ मजकूर मात्र कोणत्याही परिवर्तनाविना स्वतंत्र जतन करावा, कारण तो पुरावा आहे. परिवर्तन सूचीपुरतेच असते.

मग परीक्षा. मोलगी व मुलगी, काठी व कोठे, पाडवी व पाडवा, दऱ्या व दर्या या जोड्या सूचीत वेगवेगळ्या राहतात काय. दुःख ही दोन्ही रूपे एक होतात काय. ‘डि'सोझा’, ‘गट क्र. १२/२’, ‘मोलगी -धडगाव’, एकच न मिटविलेले अवतरण आणि नुसतीच चिन्हे असलेली पृच्छा यांवर प्रणाली काय करते, हे पाहावे. प्रणालीची आवृत्ती बदलली की हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

८. ‘नाही’ या उत्तराचा अर्थ

हा सर्व खटाटोप कशासाठी, हे शेवटी सांगणे अवश्य आहे. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम २००६ साली संमत झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दावेदाराला दाखवावे लागते. त्यासाठी कोणते पुरावे चालतात हे २००८ च्या नियमांत दिले आहे. त्यांत वडीलधाऱ्यांचे लेखी कथन जसे आहे, तसेच जनगणना, गॅझेटियर, मोजणी व जमाबंदीचे अहवाल असे सरकारी कागदही आहेत. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे दाद मागण्यास साठ दिवसांची मुदत आहे. पूर्वी हे कागद दप्तरात शोधले जात. त्यांचे अंकीकरण होत जाईल तसतसा हा शोध यंत्राकडे जाईल, आणि आजोबांच्या नावाने एखादी जुनी नोंद आहे किंवा नाही, याचे उत्तर शोधपेटी देईल.

दप्तरातील कारकुनाला ‘गांव’ व ‘गाव’ एकच आहेत हे कोणी सांगावे लागत नसे, आणि नावापुढच्या टिंबाने तो अडत नसे. ती समज यंत्राला स्वतःहून नाही; ती त्यात घालावी लागते. ती घातली नाही, तरीही यंत्र तितक्याच निश्चयाने ‘नोंद आढळली नाही’ असे सांगते. या एका वाक्यात तीन निराळे अर्थ दडलेले असू शकतात : नोंद खरोखर नाही, पृच्छा यंत्राला समजली नाही, अथवा यंत्राने दुसऱ्याच शब्दाचा शोध घेतला. पहिला अर्थ दावेदाराविषयी काही सांगतो. उरलेले दोन केवळ यंत्राविषयी सांगतात.

म्हणून या तीन उत्तरांना तीन निराळी वाक्ये असणे, हा सुरक्षित शोधाचा अखेरचा व सर्वांत महत्त्वाचा नियम मानावा. व्याकरणदोष आला तर तो गिळून रिक्त यादी दाखवू नये. पृच्छा वाचता आली नाही, असे स्पष्ट म्हणावे. उत्तराबरोबर कोणते शब्द शोधले व कोणते वगळले, हे मराठीत दाखवावे. पटलावर ‘शोधलेले शब्द : म, लग’ असे उमटले असते, तर मोलगीचा दोष पहिल्याच दिवशी, संगणकशास्त्राचा गंधही नसलेल्या माणसाच्या लक्षात आला असता. चिन्हांचे नियम प्रणालीगणिक बदलतील आणि नव्या आवृत्त्यांत आणखी बदलतील. काय शोधले हे सांगण्याची जबाबदारी मात्र प्रत्येक शोधप्रणालीवर राहील.